गुण लागला

२२ डिसेंबर, सोमवार

सगळी लाल! सकाळी ऑफिसात यादी उघडली तर एकूण एक जनावर लाल. वैशाखऱ्याची लाल, म्हशाची लाल, पार घाटाच्या पायथ्यापर्यंत लाल. शनिवारी निघताना हीच यादी हिरवीगार होती.

लाल म्हणजे लम्पी. अंगावर गाठी उठतात तो रोग. लाल जनावराला यंदा म्हशाच्या जत्रेत, बैलबाजारात घेणार नाहीत. तेवढ्यासाठीच तर गुरांचं काम बघणाऱ्या संस्थेने आमच्या ऑफिसकडून हा प्रोग्राम करून घेतला — प्रत्येक बैलाच्या कानाला बिल्ला, आणि बिल्ल्यापुढे हिरवं नाहीतर लाल.

रितेशला फोन लावला. प्रोग्राम त्याचा, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. तपासायचं काम माझं. म्हणजे तो चुकणार, आणि मी सांगितलं की माझ्यावरच चिडणार. म्हणाला, "मेघा, माझ्याकडे तर नीट चाललं होतं." हे वाक्य त्याच्या कपाळावर गोंदवून ठेवायला पाहिजे.

आमच्या बैलजोडीपुढे, चांद्या-तांबड्यापुढेही लाल. घरी सांगितलं. दादाचं तोंड उतरलं. बाबा पेंढा सोडायला गोठ्यात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

२३ डिसेंबर

घरात परत तेच. दादा म्हणतो जोडी या जत्रेत विकायचीच. त्याचंही खोटं नाही. बाबांच्या कमरेत पट्टा, डॉक्टरांनी नांगर धरायला साफ मनाई केलीय. दादा पहाटेची कल्याणची एसटी धरतो. मी मुरबाडला. मग शेण-पाणी कोण करतं? आई. काल विहिरीवरून येताना पाय घसरला तिचा, कुणाला बोलली नाही. मला पायाच्या नळीवरचं खरचटलेलं दिसलं म्हणून कळलं.

जुन्नरकडचं गिऱ्हाईक आहे म्हणे, चांगला शेतकरी. दादा बाबांना समजावत होता की मोकाट सोडत नाही आपण, घर बघून देतोय. बाबा जेवलेही नाहीत. ताटात भात तसाच ठेवून हात धुतला.

मला बाबांचा राग येतो. आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

२४ डिसेंबर

सापडलं! सापडलं, आणि आता बसलेय डोकं धरून.

इथे नीट लिहून काढते, म्हणजे माझ्याही डोक्यात बसेल. प्रोग्रामात प्रत्येक बैल वेगळा. पण 'तपासणी' हे काम मात्र सगळ्यांना मिळून एकच. दिसायला वाटतं चांद्याची तपासणी वेगळी, तांबड्याची वेगळी. तसं नसतं. एकच फंक्शन, ज्याने हाक मारली त्याच्यापुरतं त्याच्या दावणीला येतं. आता या फंक्शनला गुण, म्हणजे एखादी खूण, चिकटवता येतो. मी 'लागण' नावाचा गुण घेतला आणि चांद्याच्या तपासणीवर लावायला गेले. पायथनने धुडकावलं! दावणीला आलेल्या तपासणीवर लिहू देत नाही. वाचू देतं, लिहू देत नाही. रितेशलाही असंच धुडकावलं असणार. मग पठ्ठ्या मागच्या दाराने गेला आणि गुण थेट मुळातल्या फंक्शनलाच लावून मोकळा झाला. तिथे मुकाट चालतं. एका अक्षराची तक्रार नाही.

पण मूळ एकच ना! तिथे लावलं की सगळ्यांना लागलं. खात्री करायला तीन खोटे बैल बनवले, एकाला लाल केला, तिघेही लाल. चौथा नंतर जन्माला घातला, तोही जन्मतः लाल.

आतापर्यंत संस्थेच्या पोरांपैकी कुणी फोनवर लाल दाबलंच नव्हतं, म्हणून हे कळलं नाही.

आईला सांगायला गेले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला. वाण नाय पण गुण लागला." तीन दिवस घासून मला जे कळलं ते हिने तव्यावरून मान न उचलता सांगितलं.

२५ डिसेंबर

सुट्टी. रितेशला अजून कळवलेलं नाही.

एकच विचार डोक्यात फिरतोय. मी गप्प बसले तर? जत्रा तीन तारखेला लागते. तोवर सगळं लाल राहिलं तर बैल बाजारात जाणारच नाहीत. जुन्नरवाला दुसरीकडे बघेल. पावसाळ्यापर्यंत तरी बाबांचा जीव भांड्यात. चूक रितेशची, मी फक्त दोन दिवस उशिरा शोधली, एवढंच. कोण विचारणार?

बाबा दुपारी दोघांना उन्हात बांधून खरारा करत बसले होते. गुणगुणत होते. कित्येक दिवसांत गुणगुणले नव्हते.

२६ डिसेंबर

अजून नाही सांगितलं.

२७ डिसेंबर, शनिवार

धोंडीबाई आली होती, शेजारची. एकटी बाई, लेकीकडे खर्डीला कायमची चाललीय. तिचा एक गोऱ्हा आहे, तो जत्रेत विकून मगच निघणार. ओट्यावर बसून मला विचारते, "बाय, माझ्या गोऱ्ह्याला कायपन झालं नाय गो. मग त्यो लाल कसा?"

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार! लाज वाटली. चहा पिताना ती सारखी माझ्याकडे बघत होती, जसं काही मीच तिच्या गोऱ्ह्याला रंग फासलाय. आणि नाहीतर काय?

संध्याकाळी रितेशला सगळं लिहून पाठवलं, चारही खोट्या बैलांसकट. आधी त्याने वाद घातला. मग आलं, "बरोबर आहे तुझं. सॉरी."

आता झोपायला जाताना दुसरंच सुचलंय. या चुकीने लाल पसरवलं, पण लाल तिने बनवलं नाही. एका तरी बैलापुढे कुणीतरी खरंच लाल दाबलं असणार. सगळे म्हणतील मशीन खोटं बोललं. पण एक जनावर आहे कुठेतरी.

२९ डिसेंबर, सोमवार

रितेशने दुरुस्त केलं. गुण आता ज्याचा त्याच्याजवळ. संस्थेच्या पोरांनी गावोगाव फिरून फोनवर जे जे दाबलं होतं ते प्रोग्राममध्ये परत ओतलं. यादी हिरवी होत गेली. ऑफिसात टाळ्या. रितेशने वडापाव मागवले.

एकच लाल उरला.

चांद्या.

मी वडापाव खाल्ला नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले. एसटीत रडले, रुमाल तोंडावर धरून. चांद्याला मी बाटलीने दूध पाजलंय. त्याची आई गेली तेव्हा मी नववीत होते.

३० डिसेंबर

आज बाबांना गोठ्यात एकटं गाठलं. म्हटलं, चांद्याला लम्पी लिहिलीय, तुम्हाला ठाऊक होतं का? गाठी कुठे आहेत? मी हात फिरवून बघायला लागले. बाबांनी माझा हात धरला.

"नायेत गाठी. त्यो संस्थेचा सुनिल आला व्हता. शेण व्हतं म्हनून आत नाय शिरला. मीच त्याला बोललो, याच्या अंगावर गाठी हायेत. त्यानं दारातूनच दाबलं."

मी विचारलं, का? विचारायची गरज नव्हती.

"मंग जत्रेत कोन नेनार व्हता?"

माझे बाबा! आयुष्यात वजनात पसाभर वाल कुणाला कमी घातले नाहीत. ग्रामसभेत उभे राहून सरपंचाचं खोटं पकडणारे. आणि त्यांच्या एका शब्दापायी धोंडीबाई आठवडाभर तळमळली. मी ओरडले त्यांच्यावर. मग तिथेच पेंढ्यात बसले त्यांच्या शेजारी. काय करू, हसावं की रडावं!

३१ डिसेंबर

दादाला कळलंय एकच लाल उरलाय आणि तो आपला. बाबांचं त्याला मी सांगितलं नाही. म्हणाला, "तूच बसतेस ना गो त्या मशीनपुढं? एक बटन दाबायचं. बैलाला काय झालंय ते दिसतंय ना, खातोय पितोय."

दुपारी ऑफिसात चांद्याचं पान उघडलं. हिरवं करणं माझ्या हातात आहे. केलं तर तीन तारखेला तो जुन्नरच्या टेम्पोत. नाही केलं तर बाबांच्या खोट्यावर माझी सही. आई मध्येच भरडली जाणार. तिच्या पायावरचं खरचटलेलं अजून वाळलं नाही.

पान मिटलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, येऊन हात लावून बघा आणि जे असेल ते तुम्हीच लिहा.

घरी सांगितलं. दादा खूश. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू पन," म्हणाले.

१ जानेवारी

दादा भीमा कोरेगावला गेला, वस्तीतली सगळी पोरं गेली. दरवर्षी मी जाते. आज गेले नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईने माझ्या ताटात जास्तीची भाकरी ठेवली आणि पाठीवरून हात फिरवला. बरोबर केलं की चूक, मला सांगता येत नाही. उद्या डॉक्टर येणार, निरोगी लिहिणार, आणि चांद्या जाणार. मीच घालवला त्याला.

२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. बाबांनी चांद्याला धुऊन पुसून स्वतः अंगणात आणून उभा केला. डॉक्टरांनी मानेखाली हात फिरवला, थांबले, परत फिरवला. दोन गाठी मानेखाली, एक मागच्या मांडीला, अंगात ताप. म्हणाले, आत्ताच उठताहेत, तांबड्याला लगेच लांब बांधा, जत्रेत न्यायचं नावही काढू नका.

बाबा दावं धरून तसेच उभे होते. डॉक्टर लिहीत होते. बाबा त्यांना परत परत सांगत होते, "पन सायेब, मी तर खोटं बोललो व्हतो."