रानातली मुकी घंटा

अंबरनाथ, २६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यांना,
हिमानीचा सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या माहेरी मनातलं बोलायचं तर पत्रच लागतं, हे लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत मला पटलंय. तक्रार तुमच्या भावाची आहे. बाबांना ऐकू येत नाही आणि ते कबूल करत नाहीत. समोरचा काहीही म्हणो, मान डोलावून हो हो म्हणतात. गेल्या महिन्यात शिवमंदिराच्या कट्ट्यावर कुणीतरी आपल्या बायपासबद्दल सांगत होतं, तर बाबा हसून म्हणाले, वा, अभिनंदन. सगळे हसले. तेव्हापासून कट्टा बंद. तुमच्या भाच्यानं, समीरनं, त्याआधीच उल्हासनगरहून कानाचं मशीन आणलं होतं, ते दोन महिने रुमालात गुंडाळून कपाटात पडलंय.

ज्या माणसानं कारखान्यात चौतीस वर्षं ओतीव भागांवर हातोडी मारून नुसत्या नादावरून तडा सांगितला, त्याला कान गेले हे म्हणणं किती जड जात असेल, ते कळतं मला. पण ते घरातल्या घरात वाळत चाललेत. त्यांच्या हाताखाली काम केलेले धर्मराजकाका बारवीच्या जंगलाकडे आपल्या गावी असतात. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, कोजागिरीनंतर आठ दिवस या म्हणून मागे लागलेत. बाबा ऐकत नाहीत. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, म्हणून हा खटाटोप. मी लिहिलंय हे मात्र सांगू नका.

तुमची माया आमच्या घरावर अशीच राहू दे.

तुमची,
हिमानी


मिरज, १ ऑक्टोबर २०२५

चि. शरद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हिमानीनं मला काहीही लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझं कसं चाललंय हे मला इथे बसल्या बसल्या कळतं. बहात्तराव्या वर्षी घरात रुसून बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. लहानपणी परीक्षेत गणित चुकलं की तू माळ्यावर जाऊन बसायचास. तेव्हा मी शिडी लावून तुला खाली काढायची. आता या वयात मला शिडी चढायला लावू नकोस.

धर्मराजांकडे जा. आश्विनातलं रान बघ, तांदळाची भाकरी खा, आणि काय पाहिलंस ते मला सविस्तर लिही. गेला नाहीस तर पुढचं पत्र माझ्याकडून यायचं नाही.

माझा जीव तुझ्यात अडकलाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
वृंदाताई


धर्मराजचे घर, बारवीच्या अलीकडे
९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
शरदचा शि. सा. न. वि. वि.

आलो एकदाचा. धमकी पोचली. जागा झकास आहे, यात खोड काढता येत नाही आणि मी काढून पाहिली. भात पिवळं पडलंय, बांधावर तेरडा अजून टिकून आहे, धरण काठोकाठ. बनूबाई, म्हणजे धर्मराजची बायको, दर दोन तासांनी काहीतरी खायला आणते. काल करांदे, म्हणजे रानातले कंद, उकडून आणले होते. तिची बोटं तव्यावर भाकरी फिरवताना बघत बसावं.

गावामागच्या देवराईत महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. आपलं शिवमंदिर बांधणाऱ्यांचंच हे काम, असं गावात सांगतात. माप घेतल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. दाराशी तीन वीरगळ, आणि आत हातभर उंचीची पंचधातूची घंटा. दोन वर्षांपूर्वी देवळाची तुळई बदलली, तेव्हा ती खाली उतरवली होती. परत टांगली आणि नाद गेला, नुसती धप्प वाजते. पूजाअर्चा करणारा सोमा तेव्हा दोराला होता. त्यानंच आपटली, घंटेला तडा गेला, असं गाव धरून चाललंय. दोन वर्षं त्याला कुणी मानाच्या पंगतीला बोलावलेलं नाही. शनिवारी ओतारी येऊन ती वितळवायला नेणार.

आता खरं लिहितो, ताई. काल सगळे मला घेऊन देवळात गेले. धर्मराजनं चारचौघांत सांगितलं, साहेब नुसत्या ठोक्यावर सांगतात. माझ्या हातात हातोडी दिली. मी ठोका मारला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, फुटलीय ना. आणि मी मान डोलावली.

सोमा कोपऱ्यात उभा होता. तो नुसता पायऱ्या उतरून गेला. मला रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षांत न तपासता एकही माल मी बाद केला नाही, आणि काल एक माणूस बाद केला. काय करावं ते सुचत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत शनिवार होऊन जाईल.

मनातून उतरवू नकोस.

तुझा,
शरद


धर्मराजचे घर, १२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घंटा शाबूत आहे! हे आधी लिहितो, नाहीतर तू पत्र उलटं वाचायला घेशील.

शुक्रवारी उजाडताच एकटाच देवळात गेलो. कारखान्यात प्रेस चालू असला की कुणालाच काही ऐकू यायचं नाही. तेव्हा आम्ही जुनी माणसं ठोका मारून बोटांची टोकं टेकवायचो. धड भाग बराच वेळ थरथरत राहतो. तडा असेल तर खरखर लागते, झाकणाखाली माशी अडकावी तशी. मी घंटेवर हात ठेवला आणि ठोका दिला. खरखर नव्हती. थरथरही नव्हती. सुरू होतानाच कुणीतरी दाबून धरल्यासारखी ती थांबत होती. मग चष्मा पुसून वर पाहिलं. घंटेच्या खांद्याला लोखंडी पट्टी, पट्टीखाली जाड रबर, आणि चार नटबोल्ट करकचून आवळलेले.

हे काम कुणाचं ते विचारावं लागलं नाही. वारा सुटला की घंटा हलते, माकडं लोंबकळतात, म्हणून परत टांगतानाच धर्मराजनं ती कारखान्याच्या पद्धतीनं पक्की केली होती. सैल राहिलं ते निकामी, हे त्याला शिकवलं कुणी? मीच. वीस वर्षं कानीकपाळी ओरडून.

पट्टी गुपचूप काढता आली असती, ताई. धर्मराज तसंच म्हणत होता, साहेब, तुमचा शब्द खाली पडायला नको. पण मग सोमाचं काय? मी म्हटलं, गाव गोळा कर. भातकापणी सोडून माणसं आली. मी पायरीवर उभा राहिलो. म्हणालो, "मी बहिरा आहे. परवा मला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी मी मान हलवली. सोमाचा काही दोष नाही."

एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली. कुणी हसलं नाही. धर्मराज पुढे झाला आणि पट्टी आपणच बसवल्याचं त्यानं हात जोडून सांगितलं. मग पाना सोमाच्या हातात दिला. नट गंजले होते, पण त्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. पट्टी खाली पडली. मी लोकांना म्हटलं, पहिला टोल त्याचाच. त्यानं लोलकाची दोरी ओढली.

मी खांबाला हात लावून उभा होतो. थरथर आधी हातात आली, मग छातीत. आणि मग, ताई, मला ऐकू आलं. सगळं नाही, वरचे बारीक सूर माझ्यासाठी गेलेच. पण खालचा तो खोल हुंकार आला आणि लांबत लांबत गेला. पलीकडच्या वाडीतल्या बाया विळे हातात घेऊनच देवळाकडे पळत आल्या, दोन वर्षांनी घंटा कुणी वाजवली म्हणून. सोमा दोरी सोडेना. रडत होता आणि वाजवत होता. ओतारी शनिवारी आला तो जेवून रिकाम्या हातानं गेला. पंगतीत माझ्या एका बाजूला सोमा, दुसऱ्या बाजूला धर्मराज. बनूबाई वाढताना काहीतरी म्हणाली. मी तिला सांगितलं, मला ऐकू येत नाही, जोरात बोल. तिनं इतक्या जोरात सांगितलं की अख्खी पंगत थांबली. दुसरी भाकरी हवी का, एवढंच विचारत होती.

मी दोन घेतल्या. आणखी चार दिवस राहतोय. सोमाला ठोका ओळखायला शिकवायचंय.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
शरद


मिरज, वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. होय, वाचून घेतलं. वर्षभर माझी पत्रं शेजारची जिज्ञासा लिहिते. माझा हात कापतो असं मी तुला कळवलं होतं. हात ठणठणीत आहे. मला दिसत नाही, शरद. मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनला मी घाबरते. तुला शिडी लावणारी मी स्वतःच माळ्यावर बसले होते. गावापुढे उभं राहून तू बोललास ते ऐकलं आणि मला माझी लाज वाटली. जिज्ञासा हे लिहिताना रडतेय, तिला सांगितलंय अक्षर नीट काढ.

भाऊबीज झाली की अंबरनाथला येते. ऑपरेशन तिथेच करायचं, आणि दवाखान्यात बरोबर तूच यायचं, दुसरं कुणी नको. डॉक्टर काय म्हणतात ते मी ऐकेन, आणि लिहून देतील ते तू वाच.

तोवर जपून राहा. मी निघालेच.

तुझी,
वृंदाताई