आधी दर्शन, मग वडे

बाबा,

आपल्या गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली नवी पाटी लागली आहे आणि तिच्यावर तुमचं नाव आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी सांगावंसं वाटलं.

नव्वदच्या दशकातले ते सुट्टीचे दिवस आठवतात. तुमचा दवाखाना बंद, आई वड्यांचं सारण परततेय आणि शहरातून, मनुरेवाहून, काका-काकू आलेत. त्यांनी बूट काढायच्या आतच तुम्ही त्यांना परत बाहेर नेता. "अहो, घड्याळ बघायला आम्ही दोन तास गाडी चालवली का? फोडणीचा वास येतोय!" काका म्हणतात. तुमचं उत्तर ठरलेलं, "आधी दर्शन, मग प्रसाद."

मग तुम्ही पुढे, आम्ही मागे. घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी, जुनी कचेरी, फिश अँड चिप्सच्या दुकानातला वाकड्या नाकाच्या रग्बीपटूचा फोटो. शेवटी मनोऱ्याखालच्या पाटीवर एका जुन्या सुईणीचं नाव. "ही आमची बाई. पुरात घोडा घालून बाळंतिणीकडे जायची." काकांना राहवत नाही. "आमची? माहेर साताऱ्याचं वाटतं!" काकू हसू दाबतात. तुम्हीही हसता. "माहेर स्कॉटलंडचं. माझ्यासारखंच लांबचं. पण पाटीवर लिहिलंय का कुठे? नुसतं 'गावची सुईण'." मी तेव्हा शाळेत होते. वर्गातलं कुणी बघेल म्हणून पायातल्या जँडल्सकडे बघत उभी असायचे. हे वाक्य मात्र ऐकलं.

जुनी पाटी गंजली तेव्हा नवीवर तुमचंही नाव घालायचं ठरलं आणि गावच्या कमिटीच्या बाईंचा फोन आला. त्यांची तिन्ही मुलं लहानपणी तुमच्याच औषधावर वाढलेली. "किया ओरा," त्यांनी इथला नमस्कार केला, "तुझ्या वडिलांच्या नावाखाली 'भारतातून आलेले लाडके डॉक्टर' असं घालू ना?" प्रेमानंच विचारत होत्या. मला वाद घालता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. नुसतं विचारलं, "सुईणबाईंच्या नावाखाली स्कॉटलंड घालणार आहात का?" त्या हसल्या. "नाही गं. समजलं." तिथे आता 'गावचे डॉक्टर' एवढंच आहे, सुईणबाईंच्या नावाच्या खालीच.

गेल्या रविवारी हॅमिल्टनहून पाहुणे आले. वडे तळायच्या आधी मी त्यांना बाहेर काढलं. कुंडी, फोटो, पूर, सगळं सांगितलं. तुमच्याइतकं रंगलं नाही. तुमच्या नावाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, हे तर आपल्यातलेच! कोण हे?"

"आमच्या गावचे डॉक्टर," मी म्हणाले आणि पुढे चालू लागले. मागून माझ्या लेकीचा आवाज आला, नेहमीसारखा इंग्रजीत, "ही वॉज हर डॅड."

बाबा, तेवढं मला म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं, आणि वडे अजून तळायचे होते.