सोड्याने हाडे झिजतात

रविवार, ११ मे २००३
माझ्या लेकीने, उत्कर्षाने, हिंजवडीच्या ऑफिसातून बुडबुड्यांच्या पाण्याच्या सहा बाटल्या आणल्या. लेबल परदेशी, चव शून्य. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एक उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून तळ तपासला — पंच्याऐंशीव्या वर्षीही ती सवय सुटलेली नाही. मी बाटली काढून घेतली. "सोड्याने हाडे झिजतात, आप्पा."
"आई, रेफरन्स काय?" उत्कर्षा म्हणाली.
पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी इतरांना विचारत आले.

सोमवार, १२ मे
दिवसभर भवानी पेठेतला आप्पांचा सोड्याचा कारखाना आठवत राहिला. कारखाना कसला — एक खोली, गॅसची टाकी आणि गोळीच्या बाटल्या गरागरा फिरवणारे यंत्र. प्रत्येक बाटली तीन पाण्यांनी धुतलेली. पाणी माठात रात्रभर गार झाल्याशिवाय आप्पा भरायला घेत नसत. "गार पाण्यात गॅस बसतो, कोमट पाण्यात रुसतो." त्यामागचे गणित मी एम.एस्सी.ला शिकले, त्यांना ते न शिकता येत होते.
शाळेतून आले की लिंबू-मिठाचा पहिला पेला माझा. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि आप्पांचे ते हसू. तसा सोडा पुन्हा कुठेही मिळाला नाही. मिळाला असता तरी मी प्यायले नसते.

बुधवार, १४ मे
ग्रंथालयात दोन दिवस. साध्या सोड्याने हाडे झिजतात याला पुरावा सापडत नाही. कोलाबद्दल शंका आहेत, त्या वेगळ्या. दातांना किंचित उपद्रव, काहींना पोट फुगण्याचा त्रास. बस्स.

गुरुवार, १५ मे
इथे तरी खरे लिहावे.
१९६६. एम.एस्सी.चे पहिले वर्ष. मी वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून कोणीतरी जिभेने 'टॉक्' असा सोड्याच्या बाटलीची गोळी ढकलल्याचा आवाज काढी — सोडावाल्याची मुलगी म्हणून. वर्षभर. मी चुनखडीचा खडा सोड्यात बुडवून ठेवला आणि चार दिवसांनी बोथट झालेले कंगोरे आप्पांना दाखवले. "माणसाच्या हाडांचे असेच होते." सोडा हाडांपर्यंत तसाच पोहोचत नाही, जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते — हे मला तेव्हाही कळत होते. कळून घ्यायचे नव्हते.
आप्पांनी महिन्याच्या आत कारखाना बंद केला. पुढची वीस वर्षे दुसऱ्याच्या दुकानात कारकुनी केली.

शुक्रवार, १६ मे
सकाळी चहाच्या वेळी सांगितले. सगळे, वर्गातल्या त्या आवाजासकट.
आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे विष नव्हतं?"
"नव्हते, आप्पा."
"बजरंग पाया पडला होता माझ्या. नऊ वर्षं मशीन फिरवलं त्यानं. म्हणाला, मला द्या, मी चालवतो." पुढे म्हणाले, "मी म्हटलं, आमची मुलगी शिकलेली आहे. ती विष म्हणते ते तुला विकायला कसं देऊ? त्याच्यासमोर मशीन भंगारवाल्याकडून घण घालून फोडून घेतलं."
मला हे माहीत नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.
"कात्रजला राहतो. मला आता जिने चढवत नाहीत. तू जाऊन सांग."

रविवार, १८ मे
कात्रजला जाऊन आले. बजरंग आता सत्तरीचे. मी उभ्यानेच सांगून टाकले.
"बसा, ताई. मी तेव्हाच डॉक्टरांना विचारलं होतं. हसले ते. म्हणाले, मीच रोज पितो."
"मग आप्पांना का नाही सांगितलंत?"
"कसं सांगणार? मुलगी शास्त्रज्ञ झाली म्हणून सगळ्या पेठेत सांगत फिरत होते ते."