चुंबकाची नथ

रवि., ११ जाने.
नल्लकुंट्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा दगडांचा वर्ग. फरशीच्या खरबरीत पाठीवर हेमॅटाइट घासला. काळा दगड, रेघ लाल. मंडळातल्या मृणालची इरा ओरडली, "आजी, ह्याला तर ब्लड आलं!" आठ वर्षांची आहे, गप्प म्हणून बसत नाही. वाळूत चुंबक फिरवून काळे कण वेचले. शेवटी डाळीएवढे चकचकीत चुंबक. एक तळहातावर, एक खाली. खालचा हलवला की वरचा चालतो. "चुंबक चुंबकाला बरोब्बर शोधून काढतो," मी म्हटलं.
पंचवीसला मंडळाचं हळदीकुंकू, मुली नऊवारीत नाचणार. इराचं नाक टोचलेलं नाही, चापाची नथ दुखते म्हणे. मग मी शहाणीने एक चुंबक नाकपुडीत आतून, दुसरा बाहेरून, त्यावर टेपने नथ! सगळ्या पोरी रांगेत. इतकी वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

सोम., १२
डबी उघडली. वीस होते, सोळाच आहेत. काल न मोजताच झाकण लावलं होतं. हे म्हणाले, "खुर्च्यांना चिकटले असतील." रेल्वेत नोकरी केलेला माणूस, लोखंडावर फार विश्वास. तारनाक्याच्या घरून रिक्षा करून हॉलवर गेले. झाडणारी यादम्मा म्हणाली, "अम्मा, मैं झाडू मारी, कुछ बी नै मिला." मोठा चुंबक दोरीला बांधून सगळा हॉल पालथा घातला. टाचण्या, एक सेफ्टीपिन. दोन चुंबक खरंच खुर्चीच्या पायाला. उरलेले दोन नाहीत.

मंगळ., १३
आयांच्या ग्रुपवर लिहिलं, "दोन छोटे चुंबक कुणाकडे गेले असतील तर आणून द्यावेत." आधी लिहिलं होतं, "पोटात गेल्यास जिवाला धोका." ते पुसलं. उगाच घबराट कशाला. खरं कारण वेगळं आहे. असं वाचल्यावर वर्गाला पोरं कोण पाठवणार? उत्तरादाखल सहा अंगठे.

बुध., १४
संक्रांत. तिळगूळ द्यायला कुणी कुणी आलं. इरा नाही आली.
दोन चुंबक अजून बाकीच.

गुरु., १५
सकाळी मृणालचा फोन. "काकू, इरा उलट्या करतेय, पोट धरून बसलीय. तिळगूळ जास्त झाला बहुतेक." आणि मी काय म्हणावं? "ओवा दे." ओवा! फोन ठेवला. माहीत होतं मला. मंगळवारपासून माहीत होतं.
अर्ध्या तासाने मीच लावला. "मृणाल, तिला विचार, चुंबक गिळलास का?" पलीकडे कुजबुज, मग इराचं रडणं. रविवारी घरी नथीची प्रॅक्टिस करत होती. श्वास घेताना आतला घशात गेला, गिळला. आई ओरडेल म्हणून सांगितलं नाही. सोमवारी दुसराही गिळला. मुद्दाम.
"मुद्दाम का गं?" मृणाल विचारत होती, मला ऐकू येत होतं.
"तो पहिल्याला शोधून आणेल ना. आजी म्हणाली."
मृणालला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, एक्स-रे काढ, पाणीसुद्धा देऊ नकोस.

शुक्र., १६
बरकतपुऱ्याजवळचं हॉस्पिटल. फोटोत दोन पांढरे ठिपके, मध्ये बारीकशी फट. त्या फटीत तिचं आतडं आहे, दोन्हीकडून चिमटलेलं. सर्जन म्हणाले, "कितना डॅमेज है, खोलके देखे बिना नै बोल सकते."
मृणालला पुसलेल्या ओळीचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणाली, "तुम्ही घरी जा, काकू." गेले नाही. ह्यांनीही घरी चल म्हटलं नाही.
इराला आत नेताना स्ट्रेचर माझ्यापाशी थोडं थांबलं. ओठ कोरडे. तिने विचारलं, "आजी, सापडला का त्याला?"
"सापडला हं," मी म्हटलं.
ती हसली. रात्री सव्वाअकराला दार लागलं. आता दीड वाजतोय, अजून कुणी बाहेर आलेलं नाही.