सातवी जागा

३ नोव्हेंबर १९६४
आलो एकदाचा! पालघरहून एसटीने सातपाटी, मग होडीने खाडी ओलांडून मुरबे गावाच्याही पुढची ही छोटी वाडी. कॅमेऱ्याची पेटी वाटभर मांडीवर, तान्ह्या पोरासारखी. दहा वर्षं सागरी इतिहासावर अनुबोधपट काढतोय. जलदुर्ग झाले, दीपगृहं झाली, शिडाची होडी तेवढी राहिली होती. सगळीकडे इंजिनं आली, इथे मात्र एक अजून शिडावर चालते. तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, पुंडलिक. त्याच्या आईने, काशीबाईने, ओटीलगतची खोली दिली. बोंबलाचं कालवण मी लाज सोडून तीनदा वाढून घेतलं.

५ नोव्हेंबर
गोष्ट मिळाली. तीन वर्षांपूर्वी हीच होडी वादळात सापडली. सातजण गेले. सहा देह किनाऱ्याला लागले. पुंडलिकचा धाकटा भाऊ जिवल्या मिळालाच नाही. होडी आपली आपण खाडीत परत आली. त्या दिवशीचं निघणं पुन्हा घडवून चित्रित करावं, असं मी भीतभीतच सुचवलं. शिव्या खाव्या लागतील असं वाटलं होतं. सगळे ताबडतोब तयार झाले. मनात पाल चुकचुकली.

मेलेल्यांच्या जागी त्यांचेच भाऊबंद बसणार. जिवल्याच्या जागी खरं तर पुंडलिकने बसायचं, पण तेव्हाचा तांडेलही गेला, त्याच्या जागी सुकाणूवर तो हवा म्हणे. ती जागा डोलकाठीपाशी आहे, तिथून किनारा छान दिसेल, तुम्हीच उभे राहा, म्हणाला. माझ्याच मनातलं बोलला. तेच खटकलं.

६ नोव्हेंबर
जिवल्याची बायको मंजुळा माझ्याकडे बघत नाही. तिच्या डाव्याच हातात हिरव्या बांगड्या. उजव्या हातातल्या लग्नातच दर्याला वाहिल्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. देह नाही, म्हणून जिवल्याचे दिवस घातले नाहीत. बाई ना सवाष्ण, ना विधवा. देहाशिवाय पुढचं काही करता येत नाही, असं काशीबाईने सांगितलं आणि माझे खांदे वितीने मोजले. का, ते सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर
मंजुळाने उद्याच्या चित्रीकरणासाठी जिवल्याचा शर्ट दिला. मापात बसला. ती बघत राहिली, मग रडली. मी सरळच विचारलं, माझ्याकडून काय हवंय.

“आमी नाय बोलावला,” ती म्हणाली. “तू आपला आलास.”

मुंबईला टाकायला दिलेली माझी पत्रं पुंडलिकच्या फळीवर तशीच पडली आहेत. भीती वाटतेय. पळावं का? पण उद्याचं दृश्य— दहा वर्षं—

८ नोव्हेंबर, होडीत
पेन्सिलीने लिहितोय. भरतीला निघालो. खुणेच्या खांबापाशी वळायचं ठरलं होतं. खांब मागे गेला— कोणी वळवत नाही.

भिंगातून किनारा पाहिला. मंजुळा दगडावर डावा हात आपटतेय. बांगड्या फोडतेय. मी हे करायला सांगितलं नव्हतं. बायका रडताहेत— माझ्याकडे बघून—

होडीमागे एक छोटी होडी बांधलीय. आता दिसली. सहाजण मावतील एवढी.

पुंडलिक तिचा दोर ओढतोय. त्याच्यासकट सहाही उठले. मी विचारलं, आणि मी? एकेकजण त्या होडीत उतर—