हंड्याचा पोचा

तीर्थरूप डूगलदादास, किलव्हारी बेटावरून धाकट्या रोरीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आणि कॅनडातली थंडी यांचं एव्हाना जमलं असेल, अशी आशा आहे. इकडे मात्र धर्म बुडाला. आपल्या जुन्या व्हिस्कीच्या भट्टीच्या जागी नवी उभी राहते आहे, तिच्या उपाहारगृहात ओटच्या पेजेत मिठाऐवजी साखर घालतात! मी रीतसर निषेध नोंदवला. वाढणारी म्हणाली, "काका, पाहुण्यांना अशीच आवडते." (काका! मी अवघा छप्पन्नाचा.)

ही नवी मंडळी जुनीच चव गाळणार म्हणतात. अडचण एवढीच, की त्र्याऐंशी साली भट्टी बंद पडली तेव्हा दारू गाळायचा तांब्याचा हंडा भंगारात गेला, कोठाराचे दगड डुकरांच्या खुराड्याला लागले (तिथली डुकरं आजही विलक्षण समाधानी दिसतात) आणि कागदपत्रांचं अध्ययन उंदरांनी केलं. तिथे राबलेल्यांपैकी बेटावर उरलो मी एकटा. आता नव्या हंड्यावर जुन्याचा पोचासुद्धा जसाच्या तसा ठोकायचा, नाहीतर चव बिघडते, हे शास्त्र तुला ठाऊकच आहे. सोमवारी आग पेटवण्याआधी बाबा त्या पोच्यावर तळवा ठेवायचे, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. भिजल्या जवाचा तो वास मला अजून झोपेतून उठवतो.

परवा मॅकफी तांबट हातोडा घेऊन सज्ज. पाद्रीबुवा, बॅगपाइपवाला, अख्खं गाव हजर. मॅकफी म्हणाला, "रोरी, नीट आठवून सांग. हे तांबं आहे, तुझा शब्द नव्हे. मागे घेता येणार नाही." मी ऋषितुल्य गांभीर्याने 'डावा खांदा' असं उच्चारलं. त्याने ठोकला. टाळ्या पडल्या. घरी येताना आमची सौ. शीना हळूच म्हणाली, "अरे, आठवडाभर तर उजवा उजवा म्हणत होतास!"

असो. पिंपात मुरून पहिला घोट निघायला दहा वर्षं आहेत. तोवर कोण विचारतंय?

तुझा,
रोरी

ता.क. पोचा खरोखर कुठल्या खांद्यावर होता, तेवढं कळव. माझं चुकलं असेल तर मॅकफीला कळवू नकोस; तो हातोड्यासकट घरी येईल.

आणखी एक ता.क. पोच्याचं राहू दे. मंगळवारी मी डबा घेऊन जुन्या भट्टीच्या फाटकाच्या जागी उभा होतो, भोंग्याची वाट बघत. शीना हाताला धरून घरी घेऊन आली. बाबांचंही याच वयात सुरू झालं होतं ना? तेव्हा तू घरी होतास, मी बोटीवर. सुरुवातीला नेमकं काय झालं होतं, ते लिही. मला भीती वाटते, दादा.