गादीवाल्याच्या टेम्पोवरचे चौकोन

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हणून मी मागेच बजावलं होतं, पण माझं ऐकतं कोण! इकडे सगळे बरे आहेत (तुमचे जावई सोडून, ते तोंड पाडून खिडकीशी बसलेत). सूनबाई रुसून तुमच्याकडे आली आहे, तेव्हा माझीही बाजू तुमच्या कानावर असावी म्हणून लिहायला बसले.

ती घरी बसून दुकानदारांना पाट्या, चित्रं करून देते. त्यात काम कमी आणि गिऱ्हाइकाला समजावणंच फार. परवा गादीवाला आला. कॉम्प्युटरवर त्याच्या टेम्पोसाठी केलेल्या चित्रामागे करडे-पांढरे चौकोन दिसत होते. हे काय म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, मागची बाजू पारदर्शक आहे, म्हणून कॉम्प्युटर तसं दाखवतो; खऱ्या चित्रात चौकोन येत नाहीत. झालं! मग काच आली, खिडकी आली, पाण्याचा ग्लास आला. तो आपला मान हलवतोय, डोक्यात शून्य. इकडे माझं दूध उतू चाललेलं (बोलण्याच्या नादात गॅस तिनेच मोठा ठेवला होता, पण ते जाऊ दे). शेवटी मी दारातूनच म्हटलं, "अहो, ते चौकोन म्हणजे काही नाही. असू द्या आहेत तसे!" त्याला पटकन समजलं. "मावशी, असं सांगावं माणसाने," म्हणाला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेला.

तो फोटो त्याने रंगाऱ्याला दिला. त्या शहाण्याने पट्टी लावून लावून अख्खा टेम्पो चौकोनांनी भरला. खाली कोपऱ्यात सूनबाईचं नाव, चांगलं ठळक. तिने ते भर रस्त्यात पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "आई, आता मला काम कोण देणार?" मी म्हटलं, "रंगाऱ्याला अक्कल नाही, त्याला मी काय करू?" एवढ्यावर पोरीने बॅग भरली.

तिला पाठवून द्या. यापुढे तिच्या गिऱ्हाइकांशी मी चकार शब्द बोलणार नाही.

तुमची विहीण

ता. क. गादीवाला खूश आहे. दुसऱ्या टेम्पोवरही चौकोनच हवेत म्हणतो. मी काही न बोलता फोन ठेवला. हे तिला जरूर सांगा.

आणखी एक. मला मध्येच शिरता येऊ नये म्हणून तिच्या खोलीला आतून कडी बसवायला सांगितली. सुताराला मी स्वतः नीट समजावलं. त्याने बाहेरून बसवली, आणि वर म्हणतो, तुम्हीच तसं सांगितलंत. तो रविवारी पुन्हा येणार आहे. तिला सकाळच्याच गाडीने पाठवा.